मदत हवी आहे : माजी लोकप्रतिनिधी आणि लॉबिंगवरील बंदी

नमस्कार. अमेरिकेतील माजी लोकप्रतिनिधींच्या लॉबिंगवर (कोणाच्या तरी वतीने सत्ताधाऱ्यांकडे केलेल्या रदबदलीवर) टिपण लिहिताना एका मुद्द्यावर अडलो आहे. 2007 च्या कायद्याने सिनेटरांसाठी पद सोडल्यानंतरच्या बंदीची मुदत 1 वरून 2 वर्षे झाली, प्रतिनिधीगृहाच्या सदस्यांसाठी मात्र ती 1 वर्षच राहिली. या काळात काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, कोणासाठी रदबदली करता येत नाही, पण पडद्याआडून अशिलाला सल्ला देण्यास मज्जाव नाही, आणि माझ्या मते खरी पळवाट तीच आहे. फ्लोरिडाने 2018 च्या सार्वमताने आपल्या राज्यात ही मुदत 6 वर्षांची केली. तेथे मोबदला घेऊन दिलेला असा सल्लाही बंदीत मोडतो का, की केवळ प्रत्यक्ष भेटीगाठीच? मूळ तरतूद अभ्यासलेल्यांनी कृपया कलमासह सांगावे.