सल्ला देणाऱ्याची नेमणूक राष्ट्रपती कोणाच्या सल्ल्याने करतात?

फळा-खडू (प्रश्न)

संसदीय प्रजासत्ताकाचे प्रकरण शिकवताना आम्हा राज्यशास्त्राच्या शिक्षकांचे एक वाक्य ठरलेले असते: राष्ट्रपती हे राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान हे शासनप्रमुख, पहिले नामधारी, दुसरे वास्तविक. परीक्षेपुरते एवढ्यावर भागते. परंतु बारावीच्या एका विद्यार्थिनीने घटनेची प्रत समोर ठेवून जी शंका काढली, ती या वाक्याने मिटत नाही, म्हणून ती येथे मांडतो आहे.

अनुच्छेद ७४ नुसार राष्ट्रपतींना साहाय्य करण्यासाठी आणि सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद असते, आणि १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने तो सल्ला राष्ट्रपतींवर स्पष्ट शब्दांत बंधनकारक केला. अनुच्छेद ७५ सांगतो की पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतील आणि इतर मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्याने करतील. इतर मंत्र्यांच्या बाबतीत सल्ला कोणाचा हे लिहिलेले आहे. खुद्द पंतप्रधानांच्या बाबतीत मात्र घटना गप्प आहे. मग मावळत्या पंतप्रधानांनी आपल्यानंतर कोणाला बोलवावे याबद्दल सल्ला दिला, तर तो राष्ट्रपतींना बांधतो का? आणि ज्या सरकारने लोकसभेचा विश्वास गमावला आहे, किंवा तो कधी मिळवलाच नाही, अशा सरकारने लोकसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला, तर तोही मानलाच पाहिजे का? राज्यपालांना अनुच्छेद १६३ मध्ये स्वविवेकाने वागण्याची मुभा शब्दांत दिलेली आहे. राष्ट्रपतींना तशी ती कोठेही दिलेली दिसत नाही. जाणकारांनी प्रत्यक्ष उदाहरणांसह खुलासा केल्यास उपकृत होईन.


तालुका कोर्ट

आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे, आणि हा प्रश्न प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे. ४२व्या दुरुस्तीपूर्वी अनुच्छेद ७४ मध्ये फक्त मंत्रिपरिषद ‘असेल’ एवढेच होते. सल्ला बंधनकारक आहे असे लिहिलेले नव्हते. डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी राष्ट्रपतिपदावर असताना, १९६० साली, राष्ट्रपतींचे स्थान ब्रिटनच्या राजासारखेच आहे का याचा अभ्यास व्हावा असे जाहीर भाषणात सुचवले होते, ते याच मोकळ्या जागेमुळे.

न्यायालयाने ही जागा दोन टप्प्यांत भरली. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर असा युक्तिवाद करण्यात आला की, मंत्रिपरिषद लोकसभेला जबाबदार असते, आता लोकसभाच नाही, तेव्हा मंत्रिपरिषदही उरत नाही आणि राष्ट्रपतींनी स्वतःच कारभार पाहावा. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये यू. एन. आर. राव यांच्या खटल्यात हा युक्तिवाद फेटाळला आणि मंत्रिपरिषदेवाचून राष्ट्रपती एक क्षणही कार्यकारी सत्ता चालवू शकत नाहीत असे ठरवले. इंदिरा गांधींचे सरकार सभागृहाविना पदावर राहू शकले ते यामुळे. पुढे १९७४ मध्ये शमशेरसिंग खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने राष्ट्रपती आणि राज्यपाल हे सर्वसाधारणपणे सल्ल्यानेच चालणारे घटनात्मक प्रमुख आहेत असे सांगितले, मात्र न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्रात तीन अपवाद नोंदवलेले आहेत. पहिला, पंतप्रधानांची निवड, तीही सभागृहातील बहुमताच्या मर्यादेत राहून. दुसरा, बहुमत गमावूनही पद न सोडणाऱ्या सरकारची बडतर्फी. आणि तिसरा, सभागृहाचे विसर्जन. तिसऱ्याबद्दल त्यांनी सावधगिरीचा इशाराही दिला आहे (येथे राष्ट्रप्रमुखाने राजकारणात गुंतणे टाळावे आणि पंतप्रधानांच्या सल्ल्याने चालावे), आणि तो वाचल्याशिवाय अपवाद सांगू नयेत. आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या परिच्छेदात सापडतात.

मावळत्या पंतप्रधानांच्या सल्ल्याविषयी माझे मत असे आहे. सल्ल्याला जे बंधनकारक बळ येते, ते अनुच्छेद ७५(३) मधील लोकसभेप्रति असलेल्या सामूहिक जबाबदारीतून येते. राष्ट्रपती ज्याचे ऐकतात, त्याला लोकसभा जाब विचारू शकते, हा त्यामागचा हिशेब आहे. राजीनामा देणारा पंतप्रधान आपल्या वारसाच्या निवडीबद्दल उद्या कोणालाही जाब देणार नसतो. म्हणून त्याचे म्हणणे राष्ट्रपतींनी ऐकावे, परंतु ते त्यांना बांधत नाही.

येथे ‘निवड’ या शब्दाने फसू नये. एका पक्षाला स्पष्ट बहुमत असले की राष्ट्रपतींना निवडायला काहीच उरत नाही. त्रिशंकू लोकसभेतच हा अधिकार जागा होतो, आणि तेव्हाही प्रत्येक राष्ट्रपतींची पद्धत निराळी राहिली आहे. १९८९ मध्ये व्यंकटरामन यांनी सर्वात मोठ्या पक्षाचे नेते म्हणून आधी राजीव गांधींना विचारले. त्यांनी नकार दिल्यावर व्ही. पी. सिंग यांना बोलावले. १९९६ मध्ये शंकरदयाळ शर्मा यांनी १६१ जागांच्या भाजपचे नेते वाजपेयी यांना शपथ दिली, आणि ते सरकार तेरा दिवसांत, मतदान होण्यापूर्वीच पायउतार झाले. त्यामुळेच असावे, १९९८ मध्ये नारायणन यांनी वाजपेयींकडे आधी पाठिंब्याची पत्रे मागितली, आणि अण्णाद्रमुकचे पत्र येईपर्यंत शपथविधी खोळंबला. घटनेतील मजकूर तोच, पण तीन राष्ट्रपतींनी तीन वाटा चोखाळल्या.


जुनी कात्रणे

वकीलसाहेबांनी कायदा नीट उलगडला आहे. परंतु आपल्या दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे विश्वासच न मिळवलेल्या सरकारने दिलेल्या विसर्जनाच्या सल्ल्याचा, खरा धडा १९७९ मध्ये आहे, आणि मराठी वाचकाने तो विसरू नये, कारण त्या नाट्यात यशवंतराव चव्हाण अगदी मध्यभागी होते.

जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते म्हणून चव्हाणांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वास ठराव मांडला. जनता पक्षातून गळती सुरू झाली आणि १५ जुलैला, ठरावावर मतदान होण्यापूर्वीच, मोरारजींनी राजीनामा दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी प्रथम चव्हाणांनाच सरकार स्थापन करता येईल का ते पाहण्यास सांगितले. ज्याच्या ठरावाने सरकार गेले, त्यालाच आधी विचारायचे, हा ब्रिटिश वळणाचा संकेत होता. चव्हाणांना आकडा जमवता आला नाही आणि त्यांनी तसे कळवले. मग रेड्डींनी मोरारजी आणि चरणसिंग या दोघांकडून पाठीराख्या खासदारांच्या याद्या मागवल्या, त्या पडताळल्या आणि चरणसिंगांना बोलावले. २८ जुलैला शपथविधी झाला. चव्हाण उपपंतप्रधान आणि गृहमंत्री झाले. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत विश्वासदर्शक ठराव मंजूर करून घ्यावा, अशी अपेक्षा रेड्डींनी लेखी घातली होती.

इंदिरा गांधींच्या पक्षाने पाठिंबा काढून घेतला आणि २० ऑगस्टला, ज्या दिवशी सभागृहाला सामोरे जायचे त्याच दिवशी, चरणसिंगांनी राजीनामा देऊन लोकसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला. हा सल्ला देणाऱ्या मंत्रिपरिषदेने लोकसभेचा विश्वास एकदाही मिळवलेला नव्हता. दरम्यान जनता पक्षाचे नवे नेते जगजीवनराम आपल्याला संधी मिळावी म्हणून राष्ट्रपतींकडे दावा सांगत होते. रेड्डींनी २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली आणि चरणसिंग जानेवारी १९८० पर्यंत काळजीवाहू पंतप्रधान राहिले.

माझ्या मते येथे रेड्डींचा निर्णय चुकला. वकीलसाहेबांचाच निकष लावला, म्हणजे सल्ल्याचे बळ लोकसभेच्या विश्वासातून येते असे मानले, तर चरणसिंगांच्या त्या सल्ल्यामागे बळच नव्हते. जगजीवनरामांना बहुमत मिळाले असते की नाही हे सभागृहात पाहता आले असते. न मिळते, तर विसर्जनाचा मार्ग तेव्हाही खुलाच होता. रेड्डींच्या बाजूने एवढेच म्हणता येते की पक्षांतराला कायद्याचा लगाम नसलेल्या त्या काळात (पक्षांतरबंदी कायदा १९८५ मध्ये आला) खासदारांची फोडाफोड आणखी आठवडाभर चालू द्यायची नाही, असे त्यांना वाटले असेल, आणि तो विचार अगदीच अनाठायी नव्हता.

१९९९ चे उदाहरण याच्या शेजारी ठेवावे. जयललितांनी पाठिंबा काढल्यावर नारायणन यांनी वाजपेयींना विश्वासदर्शक ठराव मांडण्यास सांगितले. १७ एप्रिलला तो २६९ विरुद्ध २७० असा एका मताने पडला. त्यानंतर सोनिया गांधींना पर्यायी सरकारसाठी वेळ मिळाला, त्यांचा आकडा जमला नाही, आणि हे स्पष्ट झाल्यावरच लोकसभा विसर्जित झाली. १९७९ मध्ये जी पायरी गाळली गेली, ती येथे घेतली गेली. वर्गात शिकवताना ही दोन वर्षे जोडीनेच शिकवावीत, असे सुचवतो.


फळा-खडू

दोन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. एक उपप्रश्न विचारतो. हा सगळा पेच जर राष्ट्रपतींनी बहुमताचा अंदाज बांधावा लागतो यामुळे निर्माण होतो, तर पंतप्रधान थेट लोकसभेनेच का निवडू नये? अन्य कोणत्या संसदीय प्रजासत्ताकात तशी सोय आहे का?


ऱ्हाईनकाठ

मी बरीच वर्षे जर्मनीत राहतो, आणि येथे नेमकी हीच सोय आहे. जर्मनीलाही राष्ट्राध्यक्ष आणि चॅन्सेलर असे दोन प्रमुख आहेत. मूलभूत कायद्याच्या, म्हणजे येथील राज्यघटनेच्या, अनुच्छेद ६३ नुसार राष्ट्राध्यक्ष चॅन्सेलरपदासाठी नाव सुचवतात, संसदेचे कनिष्ठ सभागृह, म्हणजे बुंडेस्टाग, त्यावर चर्चेविना गुप्त मतदान करते, आणि एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने निवडून आलेल्या व्यक्तीची नेमणूक राष्ट्राध्यक्षांना करावीच लागते. सुचवलेली व्यक्ती पडली, तर चौदा दिवसांत सभागृह स्वतःहून दुसऱ्या कोणाला निवडू शकते. त्यातही कोणाला पूर्ण बहुमत मिळाले नाही आणि शेवटच्या फेरीत केवळ सर्वाधिक मते मिळालेला उमेदवार पुढे आला, तरच राष्ट्राध्यक्षांना खरा पर्याय उरतो: सात दिवसांत त्याला नेमायचे किंवा सभागृह विसर्जित करायचे.

ही तरतूद कागदावरची नाही. ६ मे २०२५ रोजी फ्रीडरिश मेर्त्स यांना पहिल्या फेरीत ३१० मते पडली. ३१६ हवी होती, आणि आघाडीकडे तर ३२८ सदस्य होते. स्वतःच्याच लोकांनी मतपेटीत हात आखडता घेतला होता. त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या फेरीत ते ३२५ मतांनी निवडून आले. या सबंध गोंधळात राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांना कोणाच्याही याद्या तपासाव्या लागल्या नाहीत.

याचे कारण इतिहासात आहे. वायमार प्रजासत्ताकाच्या, म्हणजे हिटलरपूर्व जर्मन लोकशाहीच्या, शेवटच्या वर्षांत राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग संसदेतील बहुमताची पर्वा न करता चॅन्सेलर नेमत गेले, आणि ३० जानेवारी १९३३ रोजी त्यांनी हिटलरला नेमले. १९४९ मध्ये नवा मूलभूत कायदा लिहिणाऱ्यांनी तो अधिकार सभागृहाकडे नेला आणि त्याला जोड दिली ती अनुच्छेद ६७ ची: नवा चॅन्सेलर निवडल्याशिवाय जुन्यावर अविश्वास आणता येत नाही. १ ऑक्टोबर १९८२ रोजी हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले ते असेच, एकाच मतदानात. मोरारजींनंतर दिल्लीत जी पोकळी निर्माण झाली, ती या नियमाखाली निर्माण झालीच नसती.

भारतातही हा विचार झालेला आहे. न्या. व्यंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना पुनर्विलोकन आयोगाने २००२ मध्ये शिफारस केली होती की, कोणालाही स्पष्ट बहुमत नसेल तेव्हा लोकसभेनेच, सभागृहाच्या अध्यक्षांच्या निवडीप्रमाणे, आपला नेता निवडावा. ती शिफारस तशीच पडून आहे.


अधोरेखित

चर्चा पंतप्रधान कोणी निवडावा याभोवती फिरते आहे, परंतु मूळ प्रश्नातील ‘सल्ला’ कोणाचा, याला आणखी एक बाजू आहे. अनुच्छेद ७४ मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याची गोष्ट करतो. प्रत्यक्षात मात्र १९६१ च्या केंद्र सरकारच्या कामकाज नियमांतील नियम १२ नुसार पंतप्रधानांना आवश्यक वाटल्यास नियमांपासून बाजूला जाता येते, आणि मंत्रिमंडळाची मान्यता नंतर घेता येते. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली ती पंतप्रधानांच्या पत्रावर. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली.

महाराष्ट्राला याचा अनुभव २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे आला. राज्यातील राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना ५ वाजून ४७ मिनिटांनी निघाली आणि थोड्याच वेळाने राजभवनावर देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी झाला. तेव्हाही नियम १२ चाच आधार घेतला गेला होता. बहुमताचा प्रश्न मात्र सभागृहातच सुटायचा, हे तत्त्व बोम्मई खटल्याने १९९४ मध्येच पक्के केलेले असल्याने सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबरला, दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत बहुमत चाचणी घेण्याचा आदेश दिला आणि त्याच दिवशी दोघांनीही राजीनामे दिले.

१९७५ च्या अनुभवानंतर ४४व्या घटनादुरुस्तीने दोन गोष्टी केल्या. सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला. नारायणन यांनी तो १९९७ मध्ये उत्तर प्रदेशाच्या आणि १९९८ मध्ये बिहारच्या बाबतीत, राष्ट्रपती राजवटीची शिफारस परत पाठवून, वापरला. शिवाय अनुच्छेद ३५२ खालील आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय घोषणा करता येणार नाही, अशी अट घातली. राष्ट्रपती राजवट लावण्यासाठी किंवा उठवण्यासाठी अनुच्छेद ३५६ मध्ये अशी अट आजही नाही, त्यामुळे तेथे पंतप्रधानांचा एकट्याचा सल्ला राष्ट्रपतींच्या टेबलावर येऊ शकतो, आणि तो परत पाठवायचा की नाही हे त्या वेळी राष्ट्रपतिभवनात कोण बसले आहे यावर ठरते.