चीजसोबत देण्यासाठी घरी भाजलेले खारे क्रॅकर: कडा करपतात आणि मधला भाग वातड राहतो

किनारपट्टी:
नमस्कार. पुढच्या महिन्यात काही पाहुण्यांना जेवणाआधी चेडर, गौडा आणि थोडे निळे चीज असे ताट मांडून द्यायचे आहे, आणि त्यासोबतचे क्रॅकर विकत न आणता घरीच भाजावेत अशी इच्छा आहे. सध्या मी दोन वाट्या मैदा, पाव वाटी तेल, मीठ, ओवा आणि चमचाभर बेकिंग पावडर घेऊन पोळ्यांना मळतो तितके सैल पीठ मळते, लगेच लाटते आणि ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या घरगुती भट्टीत) २०० अंश सेल्सियसवर भाजते. कडेच्या तुकड्यांवर गडद रंग येतो, मधले तुकडे मात्र टम्म फुगतात आणि गार झाल्यावर वातड लागतात. मुंबईच्या पावसाळी हवेत दुसऱ्या दिवशी तर सगळेच सादळलेले असतात. भाजण्याची वेळ वाढवली, तर करपतात. पीठ बदलावे की तापमान?

पोळपाट:
आधी पाणी कमी करा, मग तापमान. क्रॅकरला रंग येणे आणि तो आतून वाळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि २०० अंशांवर पहिली क्रिया दुसरीच्या आधी उरकते. चांगल्या क्रॅकरमध्ये शेवटी साधारण दोन ते चार टक्केच ओलावा उरतो. तिथवर पोहोचायचे असेल, तर सैल पिठापासून सुरुवात करून चालत नाही.

२५० ग्रॅम मैद्याला ४५ ते ५० ग्रॅम तेल, ५ ग्रॅम मीठ आणि अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर पुरेशी होते. शंकरपाळ्यांना घालतो तसे कडकडीत तेलाचे मोहन घालून ते पिठाला नीट चोळावे, मुठीत दाबल्यावर पिठाचा मुटका वळला पाहिजे, आणि मगच १०० मिलिलिटरच्या आसपास पाणी थोडे थोडे घालत घट्ट गोळा मळावा. हा गोळा किमान अर्धा तास झाकून ठेवणे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते, कारण लगेच लाटले तर ताणलेले ग्लुटेन (गव्हातले चिवट प्रथिन) पोळी मागे खेचते आणि कुठे एक, कुठे तीन मिलिमीटर अशी जाडी राहते. तुमच्याकडे एकाच ताटात करपलेले आणि कच्चे तुकडे सापडतात, त्याचे निम्मे कारण हेच असावे.

लाटताना जाडी दीड ते दोन मिलिमीटर ठेवावी आणि काट्याने जवळजवळ, आरपार टोचे मारावेत. वाफेला वाट मिळाली नाही, तर वरचा पापुद्रा सुटून फुगतो. त्यानंतर १८० अंशांवर १२ ते १५ मिनिटे, फिकट सोनेरी रंग येईपर्यंतच भाजावे, आणि मग तापमान ११० ते १२० अंशांवर आणून आणखी १५ ते २० मिनिटे वाळू द्यावे. करपण्याची भीती या दुसऱ्या टप्प्यात जवळपास नसते.

जाळीवरचे:
वरील सर्व मान्य आहे. ओटीजीबद्दल थोडी भर घालतो. छोट्या ओटीजीमध्ये कॉइल ताटाच्या फार जवळ असते, त्यामुळे ताट मधल्या खाचेत ठेवावे, अर्ध्या वेळेनंतर फिरवावे, आणि रंग आलेले कडेचे तुकडे सरळ आधी काढून घ्यावेत. सगळे तुकडे एकाच वेळी तयार होतील हा हट्ट घरगुती ओटीजीत धरू नये. डायलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा ओटीजीत ठेवण्याचा साधा थर्मामीटर घेतलेला बरा.

गार करताना तुकडे ताटात न ठेवता जाळीवर काढावेत. भाजताना न तडकलेले क्रॅकर काही तासांनी डब्यात आपोआप तडकले, तर मधला भाग अजून ओला होता असे समजावे: मधला ओलावा हळूहळू कोरड्या कडांकडे सरकतो, कडा किंचित फुगतात, मध्य आक्रसतो आणि त्या ताणाने केसासारखी भेग पडते. वाळवण्याचा टप्पा त्यासाठीही उपयोगी आहे.

ज्वारी_बाजरी:
माझा आक्षेप ओव्याला आहे. चहासोबतच्या खाऱ्या बिस्किटात ओवा उत्तम लागतो, परंतु चेडर आणि गौडा यांची स्वतःची चव तो झाकून टाकतो. इंग्लंडमध्ये चीजसोबत खाल्ले जाणारे बाथ ऑलिव्हर हे बिस्कीट, ज्याचे श्रेय अठराव्या शतकातील बाथचे वैद्य विल्यम ऑलिव्हर यांना दिले जाते, किंवा डब्लिनच्या जेकब कंपनीने १८८५ मध्ये काढलेला क्रीम क्रॅकर, हे दोन्ही जवळजवळ मसालाविरहित आहेत. चीजमध्ये मीठ आणि स्निग्धांश भरपूर असतातच, तेव्हा क्रॅकरने फक्त कुरकुरीतपणा आणि भाजलेल्या पिठाचा स्वाद द्यावा. फार तर तीळ किंवा भरड मिरी घालावी, आणि मीठही वर सांगितल्यापेक्षा थोडे कमी चालेल.

निळ्या चीजसाठी मात्र मी ओट्सचे क्रॅकर सुचवेन. स्कॉटलंडमधल्या ओटकेकमध्ये ओट्सचे भरड पीठ, थोडे लोणी, मीठ आणि गरम पाणी एवढेच असते. ओट्सला गव्हासारखा चिकटपणा नसल्यामुळे गरम पाणी लागते, आपण ज्वारीच्या भाकरीला उकळते पाणी घालतो त्याच कारणाने. हे क्रॅकर थोडे जाड राहिले तरी वातड होत नाहीत, खुसखुशीत होतात. ज्वारीच्या पिठाचेही करता येतात, पण एक तृतीयांश कणीक मिसळली नाही तर उचलताना मोडतात.

किनारपट्टी:
सर्वांचे आभार. ओवा काढून टाकते आणि पीठ मुरू देते. पाहुणे संध्याकाळी येणार असल्यामुळे आदल्या दिवशी भाजून ठेवणे सोयीचे आहे. दमट हवेत ते टिकतील का?

जाळीवरचे:
टिकतील. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. कोमट असताना भरले, तर त्यांच्याच वाफेने सादळतात. वाढण्याच्या तासभर आधी १५० अंशांवर पाच ते सात मिनिटे गरम करून पुन्हा गार होऊ द्यावेत. चीज अर्धा तास आधी फ्रिजमधून बाहेर काढावे, मात्र क्रॅकरवर आधीच रचून ठेवू नये, कारण चीजच्या ओलाव्याने क्रॅकर फार लवकर मऊ पडतो. दोन्ही वेगळे ठेवून शेजारी सुरी द्यावी.