±५ मिमीचा एलव्हीडीटी ±७ पर्यंत ताणायचाय, सर्किट सुचवा

भोसरीचा_फिटर: स्प्रिंग टेस्टिंगच्या जिगवर ±५ मिमीचा एलव्हीडीटी (कॉइलमध्ये सरकणाऱ्या कोअरवरून अंतर मोजणारा सेन्सर) आहे, त्याचा कंडिशनर (सेन्सरच्या सिग्नलचं व्होल्टेज करणारं सर्किट) मिमीला १ व्होल्ट देतो. नव्या पार्टला ±७ मिमी लागतात. लांब बॉडीचा सेन्सर बसवायला जागा नाही. पुढे पीएलसी (मशीनचा कंट्रोलर) आहे, पण मशीनवाल्याने प्रोग्राम लॉक केलाय. मधे अ‍ॅनालॉग काही लावून जमेल का? फुल स्केलच्या अर्धा टक्का चूक चालेल.

बिट_बाय_बिट: पाचशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर, आत लुकअप टेबल (कुठल्या व्होल्टेजला किती मिमी याचा तक्ता). विषय संपला.

भोसरीचा_फिटर: दादा, शेजारी वेल्डिंग चालतं आणि कोड सांभाळायला आमच्याकडे माणूस नाही. म्हणून तर विचारतोय.

सोल्डरकाका: सर्किटाचं नंतर बघू. आधी मायक्रोमीटर लावून ५ च्या पुढे अर्ध्या अर्ध्या मिमीवर रीडिंग घ्या, दोन्ही बाजूंना. कोअर सेकंडरी कॉइलमधून बाहेर सरकायला लागला की आउटपुट आधी वाकतं, मग सपाट होतं आणि पुढे उलटं फिरतं. नुसतं वाकलेलं असेल तर सरळ करता येतं. सपाट झाल्यावर दोन जागांचं व्होल्टेज एकच येतं, तिथे कुठलंच सर्किट कामाचं नाही. आणि स्कोप लावून बघा, वाकतोय तो सेन्सर की कंडिशनरच सप्लायला टेकून क्लिप होतोय. अर्ध्या केसेसमध्ये हेच निघतं.

भोसरीचा_फिटर: क्लिपिंग नाही काका. ५ पर्यंत चोख. ६ ला ५.८५ व्होल्ट, ७ ला ६.५०. उणे बाजूलाही जवळपास तेच. एकाने घनाची टर्म मिळवायला सांगितलंय, दोन एडी६३३ मल्टिप्लायर (व्होल्टेजचा गुणाकार करणाऱ्या चिप) वापरून.

सोल्डरकाका: मल्टिप्लायर नको. ७ ला अर्धा व्होल्ट भरून काढणारी घनाची टर्म ५ लाही सुमारे ०.२३ व्होल्ट घुसडते, म्हणजे जे चोख आहे तेच बिघडतं. तुमचा वक्र टोकालाच वाकलाय, तर ब्रेकपॉइंट लावा, म्हणजे ठराविक व्होल्टेजच्या पुढेच गेन वाढवणाऱ्या शाखा.

गणित सोपं आहे. ५ ते ६ मध्ये उतार ०.८५, म्हणून तिथे गेन १.१८ हवा. ६ ते ७ मध्ये ०.६५, तिथे १.५४. पहिला ब्रेकपॉइंट ५.०० व्होल्टवर, दुसरा ५.८५ वर. समिंग अँपचा (शाखांची बेरीज करणाऱ्या ऑप-अँपचा) फीडबॅक रेझिस्टर १० के (किलोओहम) ठेवला तर पहिल्या शाखेला साधारण ५७ के आणि दुसरीला २७.६ के येतो. ५१ के आणि २४ के घेऊन सिरीजमध्ये १० के चे मल्टिटर्न ट्रिमपॉट टाका. ताळा करा: ६.५० + ०.१७६ × १.५० + ०.३६२ × ०.६५, म्हणजे ७.०० ला एक मिलिव्होल्टही कमी पडत नाही. उणे बाजूला हेच आरशातल्यासारखं.

डायोड थेट सिग्नलच्या वाटेत ठेवू नका, त्याचं व्होल्टेज अंशाला २ मिलिव्होल्टने सरकतं. ऑप-अँपच्या लूपमध्ये घ्या, प्रिसिजन रेक्टिफायर करतो तसं. दोन्ही बाजूंच्या मिळून चार शाखांना एक टीएल०७४ (एका चिपमध्ये चार ऑप-अँप) पुरतो.

लॅबवाली_ताई: काकांच्या सर्किटात एक भर. ब्रेकपॉइंट फिक्स रेफरन्सवर आणि प्रायमरी कॉइलचं एक्साइटेशन (तिला दिलेला एसी सिग्नल) हललं, तर सिग्नल सरकेल, ब्रेकपॉइंट जागच्या जागी राहतील. तुमचा कंडिशनर नुसती वजाबाकी करतो की (ए−बी)/(ए+बी) असा भागाकार (ए आणि बी म्हणजे दोन सेकंडरींचे सिग्नल)? एडी५९८ ही कंडिशनर चिप हा भागाकार करते, मग एक्साइटेशनचा फरक जवळपास कटतो. शिवाय टोकाला बेरीजही घसरत असेल तर वक्र तिथेच थोडा सरळ होईल.

भोसरीचा_फिटर: नुसती वजाबाकी आहे ताई. दोन्ही सेकंडरीच्या वायर वेगळ्या बाहेर आहेत पण.

लॅबवाली_ताई: मग आधी भागाकारवाला कंडिशनर लावा आणि सगळी रीडिंग पुन्हा घ्या. काकांचे रेझिस्टर त्या आकड्यांवरून काढा, आत्ताचे ते उरणार नाहीत.

सोल्डरकाका: बरोबर. आणि ७ जवळ नॉइजही दीडपट होणार, फिल्टर त्या हिशेबाने ठेवा. स्प्रिंग हळू दाबत असाल तर १० हर्ट्झ पुरे.