प्राध्यापकांच्या कपाटातली पुस्तकं: परतीची तारीख त्यांनाही लागू असावी का?
(टोपणनावांनी चाललेली चर्चा)

दुसरी घंटा
आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्याला दोन पुस्तकं मिळतात, सात दिवसांसाठी. उशीर झाला की दिवसाला रुपया. प्राध्यापकांना पंधरा पुस्तकं, सत्रभर, दंड नाही. सत्रभर हे नियमात. प्रत्यक्षात पुस्तक परत येतं ते निवृत्तीच्या वेळी ग्रंथालयाचा ना-देय दाखला लागतो तेव्हा, आणि तेव्हाही कधीकधी पुस्तकाऐवजी पैसेच येतात. एम.ए.च्या मुलांनी ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत, संदर्भग्रंथ शोधला की 'वाचकाकडे' असा शेरा. तो वाचक कोण हे देवघेव काउंटरवर सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही.

माझं म्हणणं एवढंच की प्राध्यापकांना हवी तेवढी पुस्तकं द्या, पण दुसऱ्या कुणी मागणी नोंदवली की आठ दिवसांत परत, नाहीतर दंड. तोही विद्यार्थ्यापेक्षा जास्त. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, हे ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन 1931 सालीच सांगून गेले. आपण 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, त्यांच्या फोटोला हार घालून मोकळे.

मराठीची मास्तरीण
रंगनाथन अर्धेच वाचलेत तुम्ही. वाचकाचा वेळ वाचवा, हेही सूत्र त्यांचंच. दलित आत्मकथनं शिकवायची तर समीक्षेची चार-पाच पुस्तकं हाताशी लागतात, तीही रात्री दहा वाजता, जेव्हा ग्रंथालयाला कुलूप असतं. दरवर्षी तोच पेपर शिकवते, म्हणून दरवर्षी तीच पुस्तकं लागतात. यात चोरी कसली? आणि सगळ्यांदेखत दंडाची पावती फाडायची म्हणजे शिक्षकाची काय इज्जत राहिली?

ई-स्रोतांचं मला कुणी सांगू नका. महाविद्यालयांना ई-नियतकालिकं पुरवणाऱ्या एन-लिस्टवर केंब्रिज आणि ऑक्सफर्डची नियतकालिकं आहेत, पण मला लागणारी जुनी मराठी त्रैमासिकं तिथे नाहीत. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, तेवढाच आधार.

दुसरी घंटा
मॅडम, ही समीक्षेची पुस्तकं आता बाजारात मिळत नाहीत, म्हणूनच तर ओरड आहे. प्रत एकच, ती तुमच्या घरी. मुलांनी कुठे जायचं?

वाय-फाय शून्य
छापील पुस्तकांवरून भांडण म्हणजे मागच्या शतकातली गोष्ट. 1 जानेवारी 2025 पासून संशोधन नियतकालिकं ऑनलाइन देणारी केंद्र सरकारची 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना सुरू झाली आहे. 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी. शोधगंगा या संकेतस्थळावर विद्यापीठांतले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. प्राध्यापकांनी तिकडे जावं, कपाट मुलांना मोकळं करावं.

दाखल क्रमांक
मी ग्रंथपाल आहे, म्हणून जरा लांबण लावतो. वाय-फाय सर, ती योजना पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. आमचं महाविद्यालय खाजगी संस्थेचं, अनुदानित. आम्हाला एन-लिस्टच. शिवाय बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुलाला संशोधन लेख नको असतो, धडा समजेल असं पुस्तक हवं असतं.

एन-लिस्टचं लॉगिन प्रत्येक प्राध्यापकाला वेगळं काढून देतो. वापराचा अहवाल उघडला की बऱ्याच नावांपुढे एकदाही प्रवेश नाही. ईपीडब्ल्यू ('इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली') तिथे वाचता येतो, तरी अर्थशास्त्र विभाग छापील अंक घरी नेतो आणि तो गठ्ठा बांधणीच्या वेळी मी मागत फिरतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषात शिक्षक-विद्यार्थी ग्रंथालय रोज किती वापरतात असं विचारतात. तेव्हा मात्र फोन येतो, 'लॉगिनचे आकडे जरा बघा'.

आता दंड. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर सोल असो की कोहा, प्राध्यापकांना दंड लावणं म्हणजे त्यातली एक सेटिंग बदलणं. पण ज्या विभागप्रमुखांच्या सहीशिवाय माझी खरेदीची यादी ग्रंथालय समितीत पुढे सरकत नाही, त्यांच्याकडून मी दंड घेऊ? केंद्र सरकारच्या 2017 च्या वित्तीय नियमांत वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं वाजवी धरलंय. आमच्याकडे साठा पडताळणीत एक सापडलं नाही तरी खुलासा मीच लिहायचा.

म्हणून मला दंड नको, मुदत हवी. सत्र संपलं की सगळी पुस्तकं काउंटरवर आणून दाखवा. पुस्तकावरचा दाखल क्रमांक नोंदवहीशी जुळवतो, मागणी नसेल तर तिथल्या तिथे पुन्हा तुमच्या नावावर. आणि एकच प्रत असलेली पुस्तकं संदर्भ विभागात राखीव, घरी कुणालाच नाहीत.

तासिकावाला
तुम्ही पंधरा पुस्तकांवरून भांडताय. मी तासिका तत्त्वावर शिकवतो, तोच पेपर, तीच मुलं. मला अनामत भरून दोन पुस्तकं मिळतात आणि एन-लिस्टचं लॉगिन 'कायम शिक्षकांना आधी' म्हणून अजून आलेलं नाही. कायम शिक्षकांना दंड लावा की लावू नका, माझ्यापर्यंत पुस्तक येण्याचं काय?

दुसरी घंटा
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ग्रंथपाल सर, यात नियम आडवा येतो का?

दाखल क्रमांक
लॉगिनला नाही. नाव आणि ईमेल यादीत घालायचं असतं, तेही ग्रंथालयातूनच. पुस्तकांची मर्यादा मात्र आमच्या समितीने ठरवलेली आहे. अनामत मागायचं खरं कारण असं, की तासिकावाले सत्राच्या मध्येच नोकरी सोडतात आणि मग पुस्तक कुणाकडून वसूल करायचं? पण सहा महिन्यांचं नेमणूकपत्र असेल तर तेवढ्या मुदतीची पुस्तकं द्यायला हरकत नसावी. पुढच्या बैठकीत ठेवतो.

मराठीची मास्तरीण
तासिकावाल्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. सत्राअखेर पुस्तकं आणून दाखवायलाही मी तयार आहे, रिक्षाभाडं संस्थेने द्यावं. पण एकच प्रत सरसकट राखीव करू नका. ग्रंथालय साडेपाचला बंद होणार आणि माझे तास पाचपर्यंत, मग त्या राखीव पुस्तकाचा मला काय उपयोग? निदान शनिवार-रविवारपुरतं घरी द्या, सोमवारी सकाळी परत.

दंडाला मात्र माझा विरोध कायम. लावायचाच असेल तर वरून सुरुवात करा. प्राचार्यांच्या केबिनमधला शब्दकोशाचा संच आधी मागून आणून दाखवा.