मदत हवी आहे: वॉर्निश मारल्यावर पोरसचे धनुर्धारी पांढरे पडले, वाचतील का?

वितस्ता:

नमस्कार मंडळी,

काल संध्याकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लगेच लिहितेय. टेबलावरच्या लढाईच्या खेळासाठी मी पंधरा मिलिमीटरच्या बाहुल्यांचं प्राचीन भारतीय सैन्य रंगवतेय, त्यातले वीस धनुर्धारी मॅट (चमक नसलेल्या) वॉर्निशच्या स्प्रेने पांढुरके पडलेत. धातूचे आहेत, ॲक्रिलिक रंगांनी रंगवलेले. एकेकाला साधारण दीड तास लागलाय. जानेवारीपासूनचे माझे बहुतेक रविवार त्या वीस जणांत गेलेत.

थोडी पार्श्वभूमी सांगते. मी आणि माझा मामेभाऊ डीबीए या प्राचीन लढायांच्या खेळाच्या नियमांनी झेलमची लढाई खेळणार आहोत, इ. स. पू. ३२६ ची, सिकंदर विरुद्ध पोरस. प्रत्येकाच्या सैन्यात बारा बेस (बाहुल्या चिकटवायच्या पट्ट्या), प्रत्येक बेस चाळीस मिलिमीटर रुंद. तो मॅसेडोनियन फॅलँक्स, म्हणजे लांब भालेवाल्यांची दाट फळी, रंगवतोय, मी पोरसचं सैन्य. दिवाळीत तो बंगळुरूहून ठाण्याला येणार आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर लढाई होणार, असं वर्षभरापूर्वीच ठरलंय.

धनुर्धाऱ्यांवर माझा विशेष जीव आहे. एरियन या ग्रीक इतिहासकाराने त्यांचं फार छान वर्णन करून ठेवलंय. माणसाच्या उंचीचं धनुष्य जमिनीवर टेकवायचं, त्याला डावा पाय लावायचा आणि प्रत्यंचा मागे ओढायची. बाण जवळजवळ तीन हात लांब, त्यापुढे ना ढाल टिकते ना चिलखत. अंगात पोटरीपर्यंतचा पांढरा सुती अंगरखा, खांद्यावर एक वस्त्र, डोक्याला एक गुंडाळलेलं. आणि दाढ्या रंगवलेल्या! कुणाची पांढरीशुभ्र, कुणाची निळी, कुणाची लाल, जांभळी, कुणाची गवतासारखी हिरवी. हे सगळं एरियनने निआर्कसच्या हवाल्याने लिहिलंय, आणि निआर्कस म्हणजे सिकंदराचा नौदलप्रमुख, स्वतः इथे येऊन गेलेला माणूस. ते वाचलं तेव्हाच ठरवलं की प्रत्येकाची दाढी वेगळ्या रंगाची करायची. पंधरा मिलिमीटरच्या बाहुलीची दाढी म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी. श्वास रोखून दोन ठिपके द्यायचे, खालचा गडद, वरचा फिका.

काल दुपारी पाऊस जरा थांबला म्हणून आइस्क्रीमच्या काड्यांवर चिकटवलेले पाच गट गॅलरीत नेले आणि मॅट स्प्रे मारला. ओले होते तोवर सुंदर दिसत होते. अर्ध्या तासाने बघते तर अंगावर तांदळाची पिठी भुरभुरल्यासारखं. अंगरखे पांढरेच असल्यामुळे तिथे फारसं कळत नाही, पण तपकिरी कातडी राखाडी झालीय, दंड आणि धनुष्य यांच्यामधल्या खाचेत पांढरी रेघ बसलीय, आणि हिरव्या-निळ्या दाढ्या सगळ्या एकाच मळकट रंगाच्या दिसतायत.

एका परिचिताने सांगितलं की आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडव, टूथब्रशने घास आणि पहिल्यापासून सुरुवात कर. बाटली आणून ठेवलीय, पण हात धजावत नाही.

तेव्हा विचारायचं आहे ते असं. रंग न काढता हे धनुर्धारी वाचवायचा काही मार्ग आहे का? पावसाळ्यात वॉर्निश करायचंच नसतं का? आणि आणखी एक, हत्तींचं. हत्तींसोबत लाकडी बुरुजासारखा हौदा आलाय, वेगळा भाग आहे, अजून चिकटवलेला नाही. तो पोरसच्या हत्तीवर शोभेल का?

रंगपेटी:

वितस्ता, ती अल्कोहोलची बाटली आधी कपाटात ठेवा. तुमचे रंग खाली जसेच्या तसे आहेत.

एक चाचणी करा. बारीक ब्रश साध्या पाण्यात बुडवून एकाच्या दंडावर फिरवा. ओलं असेपर्यंत तपकिरी रंग परत आला आणि वाळल्यावर पुन्हा पांढरा झाला, तर दोष फक्त वरच्या थरात आहे. तो थर खडबडीत, भुरभुरीत झाल्यामुळे प्रकाश विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. पाणी त्या खाचा तात्पुरत्या भरतं. तेच काम कायमचं करायला ग्लॉस, म्हणजे चकाकणारं वॉर्निश लागतं.

तेव्हा ब्रशने लावायचं ॲक्रिलिक ग्लॉस घ्या. स्प्रे नको. थेंबभर पाणी घालून पातळ करा आणि एकाच बाहुलीवर पातळ हात द्या. खाचेत साचू देऊ नका, साचलं तर कोरड्या ब्रशने लगेच टिपून घ्या. चोवीस तास वाळू द्या. ती बाहुली काचेसारखी चकाकेल, घाबरू नका. मग त्यावर मॅट, तेही ब्रशनेच. एक नीट झाली की मग बाकीच्या एकोणीस.

आता कारण. मॅट वॉर्निशमध्ये चमक मारण्यासाठी अतिशय बारीक पूड घातलेली असते आणि ती डब्याच्या तळाशी बसते. डबा पुरेसा हलवला नाही की तीच पूड जास्त प्रमाणात बाहेर येते. दुसरं कारण हवेतली ओल. स्प्रेतला द्रव झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं बाष्प त्या ओल्या थरात अडकतं. ऑगस्टमध्ये ठाण्याच्या गॅलरीत हे होणारच. पाऊस थांबला म्हणजे हवा कोरडी झाली असं नसतं. उलट तेव्हाच जास्त कोंदट असतं. मी घरात आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवलंय. काटा साठच्या वर असेल तर स्प्रेला हात लावत नाही. म्हणजे जून ते सप्टेंबर सगळं ब्रशने. प्रायमरसुद्धा.

वितस्ता:

रंगपेटी, चाचणी केली. पाणी लावताच निळी दाढी परत आली! दोन मिनिटांनी पुन्हा गेली, पण ती आत आहे हे डोळ्यांनी बघितलं. खूप मोठा धीर दिलात. डबा मी जेमतेम दहा-बारा वेळा हलवला असेन, हेही आठवलं. आजच ग्लॉस आणते.

जुना_खेळाडू:

धनुर्धाऱ्यांबद्दल रंगपेटी यांनी सांगितलंय त्यात भर घालण्यासारखं काही नाही. मी हौद्याबद्दल सांगतो.

ताई, तो बुरुज लावू नका. हत्तीच्या पाठीवर लाकडी बुरुज बांधायची पद्धत सिकंदरानंतरच्या ग्रीक राज्यांमध्ये दिसते. पोरसच्या काळात स्वार थेट हत्तीच्या पाठीवर, दोन्हीकडे पाय सोडून बसत. ग्रीक वकील मेगॅस्थेनिस थोड्याच वर्षांनी मौर्यांच्या दरबारी आला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हत्तीवर चार माणसं असत, एक माहूत आणि तीन धनुर्धारी. याहून जवळचा पुरावा म्हणजे सिकंदराच्या काळातली चांदीची मोठी नाणी. एकावर घोड्यावरचा भालाईत हत्तीच्या मागे लागलाय, हत्तीवर दोन स्वार आहेत, हौदा नाही. त्याच प्रकारच्या लहान नाण्यांवर उंच धनुष्य ओढणारा भारतीय धनुर्धारी आहे, आणि चार घोड्यांचा रथही आहे. तुमच्या सैन्यातले तिन्ही मुख्य घटक तिथे सापडतात.

आणि ठाण्याला राहता तर भाज्याच्या लेण्यांना जाऊन या. लोणावळ्याच्या पुढे मळवली स्टेशनला उतरायचं. तिथल्या विहाराच्या ओसरीत दोन मोठी शिल्पं आहेत. एकात चार घोड्यांचा रथ, दुसऱ्यात हत्तीवर बसलेला राजपुरुष, ज्याला बहुतेक जण ऐरावतावरचा इंद्र म्हणतात. त्याच्या मागे ध्वज धरलेला सेवक बसलाय. शिल्पं पोरसनंतर शे-दोनशे वर्षांनी कोरलेली, पण हत्तीवर माणूस बसतो कसा, गुडघा कुठे येतो, दोर कुठून जातो हे तिथे हाताच्या अंतरावरून बघायला मिळतं. मी माझे हत्ती रंगवण्याआधी तिथे अर्धा दिवस चित्रं काढत बसलो होतो. माहुताच्या मागे ध्वजवाला बसवायची कल्पना तिथूनच घेतली.

हत्ती नुसता राखाडी रंगवू नका. आपला हत्ती तपकिरीकडे झुकतो, आणि वय झालं की कानांच्या कडा आणि सोंडेची मुळं गुलाबी पडतात, वर बारीक ठिपके. तो गुलाबी रंग पातळ करून लावा. हत्ती लगेच जिवंत होतो.

रंगपेटी:

बेसचंही आत्ताच सांगून ठेवतो. वाळकं पिवळं गवत लावू नका. लढाईच्या आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला होता. पोरसचे रथ चिखलात रुतले, आणि रोमन इतिहासकार कर्टियस लिहितो की जमीन निसरडी झाल्यामुळे धनुर्धाऱ्यांना ते लांब धनुष्य टेकवताच येईना. म्हणून बेस गडद तपकिरी ठेवा, रथाच्या चाकांमागे दोन चर ओढा आणि उरलेलं ग्लॉस वॉर्निश त्या चरांत थेंब-थेंब सोडा. ओला चिखल हुबेहूब दिसतो.

वितस्ता:

मंडळी, आठ दिवसांनी लिहितेय. वीसच्या वीस धनुर्धारी परत आले!

पहिल्यावर ग्लॉस लावलं तेव्हा तो तेलात बुडवून काढल्यासारखा दिसत होता. दुसऱ्या दिवशी ब्रशने मॅट लावलं आणि वाळल्यावर तो दिव्याखाली धरला. दंडाजवळची पांढरी रेघ गेलीय, कातडी पहिल्यापेक्षाही खोल दिसतेय. दोघांच्या काखेत अगदी किंचित पांढरं राहिलं होतं, तिथे पातळ तपकिरी वॉशचा एक थेंब सोडला. हिरव्या दाढीचा माझा लाडका धनुर्धारी पहिल्या बेसवर मधोमध उभा केलाय.

रविवारी भाज्याला जाऊन आले. पावसामुळे पायऱ्या निसरड्या होत्या, पण ओसरीत कुणी नव्हतं, शांतपणे बघता आलं. हौदे डब्यात परत ठेवलेत. माहुतामागे ध्वजवाला बसवायचाय, पण हत्तीसोबत आलेली माणसं सगळी उभी आहेत, धातूची. पाय कापून बसती करायची तर मांडी कशाने घडवायची, दोन भागांच्या एपॉक्सी पुटीने जमेल का? जुना_खेळाडू, तुम्ही तुमचा ध्वजवाला कसा केलात तेवढं सांगाल का?