पुलाखालची खिचडी बंद केली की माणसं कुठे जाणार? नितीनच्या पोस्टला उत्तर

परळची_मीनल
काल नितीनने लिहिलं की हिंदमाताच्या पुलाखाली रविवारी खिचडी वाटणारे लोक बेघरपणा पोसतात, फुकट मिळतं म्हणून ती कुटुंबं तिथून हलत नाहीत, आणि वाटप थांबलं तर 'आपापल्या गावी जातील'. मी चार वर्षं त्या वाटपात आहे. रात्री एक वाजेपर्यंत डोळा लागला नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

कुठलं गाव, नितीन? तिथल्या आजींचा जन्म भायखळ्याच्या फुटपाथवर झालाय. गावी पाठवायचा प्रयोग १९८१ च्या भर पावसात करून झाला आहे. अंतुले मुख्यमंत्री होते, झोपड्या मोडून माणसं बसमध्ये भरून शहराबाहेर नेली. गेली का?

दोन वर्षांपूर्वी तिथे एक बाई आली, नवरा आणि दोन मुली घेऊन. भांडुपला भाड्याच्या खोलीत राहायची. नवरा हमाली करायचा, टेम्पोतून पडून हात मोडला. तीन महिन्यांचं भाडं थकलं, मालकाने ते डिपॉझिटमधून कापलं आणि कडी लावली. तिच्याकडे एक उशीचा अभ्रा होता, त्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार, रेशनकार्ड, हॉस्पिटलचा केसपेपर आणि थोरलीचा शाळेचा दाखला. अभ्रा रेलिंगला बांधलेला. एका सकाळी पालिकेची सामान उचलायची गाडी आली आणि पथाऱ्यांबरोबर तोही गेला. ती नळावर पाणी भरायला गेली होती. आली तेव्हा रेलिंगला नुसती नाडी लटकत होती.

हे मला कळलं कारण मी तिच्या ताटात खिचडी वाढत होते. महिनाभर वाढल्यावर ती बोलली. आमच्या भिशीतल्या चौदा जणींनी मिळून २५ हजार डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं भरलं, ठाण्यापुढच्या दिव्याला खोली घेऊन दिली. आज ती डबे करते. भाडं स्वतः भरते.

नितीन
माझं म्हणणं मी मागे घेत नाही. माझ्या खिडकीखाली रविवारी रात्री दहानंतर काय असतं ते बघायला या. द्रोण, उष्टं, त्यावर घुशी. माझी आई पंचाहत्तर वर्षांची आहे, सोमवारी सकाळी त्यातून वाट काढत दवाखान्यात जाते. तुम्ही वाढून घरी जाता, राहायचं आम्हाला असतं.

आणि माझे वडील १९७४ ला संगमेश्वरहून आले. त्यांना कोणी खिचडी वाढली नाही. लालबागला गावकीच्या खोलीत बावीस माणसं राहायची. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच्या वळकटीवर झोपायचा. कष्टाने वर आले.

खाणावळीचा_नातू
नितीनभाऊ, तुमच्याच वडिलांची गोष्ट परत वाचा. गावकीची खोली म्हणजे काय होतं? आधी आलेल्यांनी वर्गणी काढून घेतलेलं छप्पर. नवा पोरगा एसटीतून उतरला की ट्रंक तिथे ठेवायचा, भाडं पगार झाल्यावर. माझी आजी डिलाईल रोडला खाणावळ चालवायची, वीस गिरणीवाल्यांचं जेवण, हिशोब महिनाअखेर. १९८२ चा संप सुरू झाला तरी तिने कितीतरी महिने उधारीवर वाढलं. काहींनी पैसे कधीच दिले नाहीत, तिने मागितले नाहीत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. तुमच्या वडिलांना खिचडी मिळाली होती. तिला तेव्हा खाणावळ म्हणायचे.

पुलाखालच्या माणसांना गावकी नाही, एवढाच फरक आहे.

नितीन
माझ्या वडिलांवर जाऊ नका. त्यांनी खाणावळीचा एक रुपया बुडवला नाही.

खाणावळीचा_नातू
बुडवला असं मी म्हटलेलंच नाही. थांबणारं कोणीतरी होतं, असं म्हटलं.

खोली_नंबर_१४
सगळे फुटपाथवर बोलताय, आमचं कोण बोलणार? आमची चाळ धोकादायक म्हणून रिकामी केली तेव्हा मी नववीत होतो. 'तीन वर्षांत नवीन घर'. आज माझी मुलगी नववीत आहे आणि आम्ही अजून संक्रमण शिबिरात. छताला ताडपत्री, संडासला रांग. बिल्डर बदलला, दोनदा नारळ फुटला, एक वीट चढली नाही. आम्ही भाडं भरलं, कर भरला, कुठे अतिक्रमण केलं नाही. झोपडी टाकली असती तर पुनर्वसनासाठी पात्र झोपड्यांच्या १ जानेवारी १९९५ च्या नाही तर २००० च्या यादीत बसून एव्हाना घर मिळालं असतं. प्रामाणिक माणसाने काय करायचं?

दादरची_सून
अगदी बरोबर. १९९५ ला फुकट घरांची घोषणा केली तिथूनच शहर बिघडलं.

वकिली_डायरी
फुटपाथवरच्या कुटुंबाला त्या यादीत जागा मिळणं किती कठीण असतं, हे मी रोज बघते. तारखेआधीचा पुरावा लागतो, आणि पुरावे त्या अभ्र्यात असतात. खोली नंबर १४, तुमच्यावर अन्याय झाला आहे, पण तो पुलाखालच्या आजींनी केलेला नाही. तुमचं घर अडवलंय बिल्डरने.

खोली_नंबर_१४
मला माहीत आहे कोणी अडवलंय. मला फक्त एवढंच कळत नाही की भिशीवाल्या चौदा जणी आमच्या शिबिरात कधी का आल्या नाहीत.

परळची_मीनल
या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, दादा. आमचा जीव चौदा बायकांच्या भिशीएवढा.

दादरची_सून
कोर्टानेच फुटपाथवर राहायचा हक्क दिलाय ना, मग बोलून उपयोग काय.

वकिली_डायरी
नाही दिला! हे चुकीचं पसरवणं थांबवा. ओल्गा टेलिस खटला, १९८५, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं घटनापीठाने म्हटलं, पण फुटपाथ मोकळे करायलाही परवानगी दिली. अट एवढीच की आधी नोटीस द्या, आणि पावसाळा संपल्याशिवाय हलवू नका. हक्क म्हणाल तर निवाऱ्याचा आहे. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने शहरांना सांगितलं, दर लाख लोकसंख्येमागे एक बारमाही, चोवीस तास चालणारा निवारा. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाख. म्हणजे सव्वाशेच्या घरात निवारे हवेत. तुमच्या वॉर्डात एक तरी दिसला का? आणि असतात त्यातले बरेचसे फक्त पुरुषांसाठी किंवा फक्त मुलांसाठी. नवरा, बायको आणि दोन मुली एकत्र कुठे राहणार?

केईएमची_रात्रपाळी
मी नर्स आहे. आमच्या केईएम हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर झोपणारे अर्धेअधिक बेघर नसतातच, पेशंटचे नातेवाईक असतात. सोलापूर, नांदेड, बिहार. टाटा कॅन्सर हॉस्पिटलात केमो सहा-सहा महिने चालते, लॉजचे पैसे दोन आठवड्यांत संपतात. गाडगेबाबांनी मुंबईत धर्मशाळा उभ्या केल्या त्या याचसाठी. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे पेशंट राहतात. स्वतः हातात खापर घेऊन फिरलेला माणूस, त्याला कळलं होतं की परगावच्या आजारी माणसाला आधी पाठ टेकायला जागा लागते.

पण नितीनदादांचं एक बरोबर आहे. मागच्या पावसाळ्यात वाटपातला शिळा पुलाव खाऊन चार मुलं जुलाबाने आली होती. कोणी वाढला, कोणाला माहीत नाही. गाडी आली, फोटो काढले, गेली.

नितीन
हेच मी सांगत होतो आणि मला माणुसकी शिकवली जात होती.

परळची_मीनल
तू 'फोटोवाल्यांना आवरा' असं लिहिलं असतंस तर मी पहिली सही केली असती. तू लिहिलंस 'गावी जातील'. त्याने माझं डोकं फिरलं. आम्ही पातेलं घरी शिजवतो आणि तिथेच आधी मुलांबरोबर खातो.

खाणावळीचा_नातू
आणि कागदांचं काय? मुख्य अडचण तीच आहे.

वकिली_डायरी
बेघर माणसाचं नाव मतदार यादीत येऊ शकतं. तो जिथे झोपतो तिथे अधिकारी रात्री येऊन खात्री करतो. मुलीच्या शाळेला दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, २००९ च्या कायद्यात आहे. कायद्यात सगळं आहे. चार खेपा घालायला सोबत माणूस नसतो. त्या बाईच्या रेशनकार्डाचं काय झालं?

परळची_मीनल
पाच खेपा. दोनदा सर्व्हर बंद, एकदा 'भांडुपच्या दुकानात जा'. कार्ड आता कुठल्याही दुकानात चालतं हे मी काउंटरवर मोठ्याने बोलले तेव्हा माणशी पाच किलो सुरू झालं. तिच्या मागे आमच्यातलं कोणी उभं नसतं तर ती दुसऱ्या खेपेलाच परत फिरली असती, कारण एका खेपेला तिची एका दिवसाची धुणीभांडी बुडायची.

नितीन
डिपॉझिटचं मला पटलं. खिचडीचं नाही. घर जायच्या आधी तिसऱ्या महिन्याचं भाडं कोणी भरलं असतं तर ती बाई पुलाखाली आलीच नसती, मग तिथे पैसे घाला ना. माझे दरमहा हजार त्या भिशीत धरा. पण रविवारी साडेनऊनंतर एक द्रोण माझ्या खिडकीखाली दिसता कामा नये, आणि मी बघणार आहे.

परळची_मीनल
सव्वानऊला झाडू मारू. द्रोण बंद, स्टीलच्या ताटल्या आणते. हजार रुपये धरले. त्यातून पहिलं काम सांगते: आजींकडे जन्माचा काहीच कागद नाही, गुरुवारी त्यांच्याबरोबर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जायचं आहे आणि मला रजा नाही. तू जाशील का?

नितीन
किती वाजता?