रीमॅप केलेल्या डिझेल गाडीचा ईसीयू मूळ स्थितीत आणण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

माझ्या वडिलांनी २०१४ मध्ये पुण्यात घेतलेली डिझेल हॅचबॅक गेले अकरा दिवस गॅरेजमध्ये उभी आहे. इंजिन १२४८ सीसीचे, मूळ फियाटच्या आराखड्याचे कॉमन रेल आहे. ७५ अश्वशक्ती, १९० न्यूटन मीटर टॉर्क आणि व्हीजीटी (पात्यांचा कोन बदलू शकणारा टर्बो) नसलेला साधा टर्बो. मला गाडी अधिक वेगवान करायची नाही. ती कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्या ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) जे होते तेच पुन्हा त्यात यावे, एवढेच मला हवे आहे.

गेल्या दिवाळीआधी मी ईसीयू रीमॅप करून घेतला, म्हणजे ताकद वाढावी म्हणून त्यातला प्रोग्राम बदलून घेतला. या इंजिनाला सुमारे २००० आरपीएमच्या खाली जोर येत नाही, हे खंबाटकी घाटात मालट्रकमागे अडकून तिसऱ्या गिअरमध्ये चढलेल्यांना ठाऊक असेल, आणि वडील दर पंधरवड्याला साताऱ्याला जात असल्यामुळे त्यांचा त्रास कमी व्हावा असे मला वाटले. हे काम करणाऱ्या ट्यूनरने ओबीडी सॉकेटला (गाडीच्या तपासणीसाठीच्या जोडणीला) लॅपटॉप जोडून पाऊण तासात काम संपवले, ताकद ९५ अश्वशक्तीपर्यंत जाईल असे सांगितले आणि मूळ फाइल आपल्याकडे जपून ठेवल्याचेही सांगितले. ती फाइल मी त्याच वेळी पेन ड्राइव्हवर मागून घ्यायला हवी होती.

पिकअप सुधारला, हे मान्य करतो. मात्र महिनाभरातच घाटात जोर लावला की मागे काळा धूर दिसू लागला, चौथ्या गिअरमध्ये क्लच घसरू लागला आणि पीयूसी चाचणीत गाडी नापास झाली. बीएस ४ डिझेलसाठी धुराची मर्यादा १.६२ आहे, माझ्या गाडीचा आकडा २.३ आला. आपल्यामागे दुचाकीवर लहान मूल घेऊन येणाऱ्या माणसाच्या तोंडावर आपण हा धूर सोडतो आहोत, हे आरशात एकदा पाहिल्यावर मला ती गाडी तशीच चालवणे शक्य नव्हते.

पहिल्या ट्यूनरकडे गेलो तेव्हा मूळ फाइल सापडत नाही असे उत्तर मिळाले. दुसऱ्या गॅरेजने याच इंजिनाच्या दुसऱ्या गाडीची फाइल चालेल असे सांगून ती लिहायला घेतली. लिहिताना गाडीची बॅटरी जुनी, चार्जर लावलेला नव्हता, केबिनचा पंखाही चालू होता. सुमारे साठ टक्क्यांवर काम थांबले. तेव्हापासून सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही, इमोबिलायझरचा (चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत राहतो आणि स्कॅनर ईसीयूशी संपर्कच करू शकत नाही. सर्व्हिस सेंटरच्या मते नवा ईसीयू बसवणे हाच उपाय आहे, आणि तो खर्च या वयाच्या गाडीवर करणे आम्हाला जड जाते.

हा ईसीयू अजून वाचवता येईल का? जुन्या बाजारातून त्याच मॉडेलचा ईसीयू आणला तर चावी जुळेल का? आणि मूळ फाइल मिळण्याचा कोणता मार्ग उरला आहे? ज्यांनी असे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

नमस्कार. मी ईसीयू दुरुस्तीचेच काम करतो. आपण लिहिलेल्या लक्षणांवरून मुख्य प्रोग्राम अर्धवट लिहिला गेला आहे, पण ईसीयू जळला आहे असे मानण्याचे कारण दिसत नाही. अशा वेळी ओबीडीवरून उत्तर येत नाही. ईसीयू काढून, उघडून, बूट मोडमध्ये थेट प्रोसेसरशी बोलावे लागते. हे काम टेबलावर, स्थिर व्होल्टेज देणाऱ्या सप्लायवरच करावे. जो कोणी ते करील त्याला पहिली अट घाला की काहीही लिहिण्याआधी फ्लॅश (मुख्य प्रोग्रामची मेमरी) आणि ईईप्रॉम (त्या गाडीपुरती माहिती ठेवणारी छोटी मेमरी) दोन्ही पूर्ण वाचून त्यांची प्रत आपल्या हातात द्यावी. इमोबिलायझरची माहिती, आणि बहुतेक वेळा इंजेक्टरचे कोडही (प्रत्येक इंजेक्टरच्या इंधन फवारणीतला बारीक फरक सांगणारे), ईईप्रॉममध्ये असतात. दुसऱ्या गाडीची संपूर्ण प्रत त्यावर ओतली तर आपली चावी परकी होते. जुन्या बाजारातल्या ईसीयूचीही अडचण हीच; तो बसतो, पण आपल्या गाडीचे ईईप्रॉम त्यात नेल्याशिवाय किंवा चावी नव्याने जुळवल्याशिवाय गाडी चालू होत नाही.

“इंजिन एकच, म्हणून फाइल एकच” हा समज फार नुकसान करतो. हेच १२४८ सीसीचे इंजिन आपल्याकडे अनेक कंपन्यांच्या गाड्यांत आले. कुठे ७५ अश्वशक्तीचे साध्या टर्बोसह, कुठे ९० अश्वशक्तीचे व्हीजीटीसह. व्हीजीटीचा बूस्ट (हवेचा दाब) गृहीत धरलेली फाइल साध्या टर्बोवर चालवू नये. ईसीयूवरच्या लेबलावरील हार्डवेअर क्रमांक आणि सॉफ्टवेअर क्रमांक दोन्ही तंतोतंत जुळतील तीच फाइल घ्या, आणि लिहिण्यापूर्वी चेकसम (फाइल बिनचूक आहे की नाही हे पडताळणारा आकडा) तपासून घ्या. तो चुकला तर पी ०६०१ हा बिघाडाचा कोड येऊ शकतो किंवा गाडी चालूच होत नाही.

आपल्या धुराचे कारणही मला बहुधा तिथेच दिसते. कमी आरपीएमवर टर्बो पुरेशी हवा देत नसताना धूर रोखणारी मर्यादा सैल करून डिझेल वाढवले की पिकअप जाणवतो, आणि न जळलेले इंधन काजळी होऊन बाहेर पडते.

मूळ फाइलबाबत एक आशा आहे. बऱ्याच लहान दुकानांतील साधन स्लेव्ह प्रकारचे असते. त्यातून वाचलेली फाइल कूटबद्ध असते, आणि ती उघडून बदल करणारा मास्टर साधनाचा मालक दुसऱ्याच गावी असतो. फाइल दुकानातून हरवली असली तरी त्याच्याकडे असू शकते. मात्र गाडीतून ती खरोखर वाचली होती, की नुसता क्रमांक ओळखून संग्रहातून उचलली होती, हे आवर्जून विचारा.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. आज पहिल्या ट्यूनरशी पुन्हा बोललो. साधन स्लेव्हच होते, बदल दुसऱ्या शहरात झाला होता, आणि त्याने तिथे गाडीचा क्रमांक व तारीख कळवून फाइल मागवण्याचे कबूल केले आहे. ईसीयूच्या लेबलाचे छायाचित्र मी काढून ठेवले आहे आणि चारही इंजेक्टरवरचे कोड उद्या उतरवून घेणार आहे. त्यांपैकी एक इंजेक्टर मागे बदलला होता, तेव्हा त्याचा कोड ईसीयूमध्ये लिहिला होता की नाही हे जुन्या बिलावरून कळत नाही, म्हणून तेही तपासून घेईन.

पुणे किंवा सातारा परिसरात बूट मोडचे काम मालकाला समोर बसवून करणारे आणि आधी वाचलेल्या प्रती हातात देणारे कोणी आपल्या अनुभवातले असल्यास कृपया व्यक्तिगत संदेशाने कळवावे. तोपर्यंत दुसऱ्या गॅरेजला गाडीला हात न लावण्यास मी सांगितले आहे.